दुपारी बारा वाजता बुरशीचे बारा

कीड मारणाऱ्या बुरशीला बारामतीजवळच्या माळेगाव बुद्रुकात दोन शत्रू आहेत. एक वर आभाळात आहे. दुसरा बांधावर उभा राहून मजुराला म्हणतो, "आटपा लवकर, भाकरीच्या आत पंप संपवा." पहिल्याचं कुणाला काही करता येत नाही. दुसऱ्याचं करता येईल, पण दुसरा म्हणजे आपणच, त्यामुळे विषय अवघड होऊन बसला आहे.

बिव्हेरिया, मेटारायझियम, व्हर्टिसिलियम ही नावं आता नीरा डाव्या कालव्याच्या दोन्ही अंगांना न अडखळता घेतली जातात. उसाच्या मुळाशी हुमणी लागली की मेटारायझियम. डाळिंबावर फुलकिडे आले की बिव्हेरिया. इंदापूरकडच्या द्राक्षात पिठ्या ढेकूण दिसला की व्हर्टिसिलियम. पाकिटावर हिरवं पान, त्यावर 'जैविक' अशी ठसठशीत अक्षरं. आत टाल्कच्या भुकटीत कालवलेले बुरशीचे बीजाणू. हा बीजाणू किडीच्या अंगावर पडतो, तिथंच रुजतो, कातडी विरघळवत आत शिरतो, रक्तात वाढतो आणि चार ते दहा दिवसांत किडीला आडवं करतो. किडीनं काही खायची गरज नाही. नुसतं अंगावर पडलं तरी भागतं. मेटारायझियमनं मेलेली हुमणी सरीत उकरून बघा: अंग ताठ, आधी पांढरी लव, मग हिरवट पीठ. ते पीठ म्हणजे पुढच्या हुमणीची सोय.

यात अट एकच. बीजाणू जिवंत असला पाहिजे.

इथं गाडं अडतं. कारण जिवंत बीजाणू आणि मेलेला बीजाणू दिसायला सारखेच असतात. भुकटी उन्हात ठेवायच्या आधी पांढरी असते, नंतरही पांढरीच. वास तोच, वजन तेच, बिल तेच. कीडनाशकाचा डबा उघडला की डोळ्यांतून पाणी येतं, त्यामुळे माल खरा असल्याची खात्री पटते. बुरशी बिचारी काहीच करत नाही. मेली तरी सांगत नाही. आठ दिवसांनी कीड जागेवरच दिसते आणि आपण पारावर निकाल देऊन मोकळे होतो: "जैविकला रिझल्ट नाही."

आरोपीची उलटतपासणी न घेता दिलेला हा निकाल आहे. तेव्हा जरा साक्षी-पुरावे बघू.

पाकिटावर लिहिलेलं असतं 1.15 टक्के डब्ल्यूपी, आणि त्याखाली ग्रॅमला 1 गुणिले 10 चा आठवा घात. म्हणजे एका ग्रॅममध्ये 10 कोटी बीजाणू. किलोच्या पाकिटात 10,000 कोटी. आकडा ओळखीचा वाटला असेल, कारण सरकारी पॅकेजं साधारण एवढ्याचीच असतात. पुढचा प्रवासही ओळखीचा आहे: जाहीर होताना 10,000 कोटी, गोदामात पोचताना थोडे कमी, दुकानात आणखी कमी, आणि पानावर पडल्यावर दुपारच्या दोनपर्यंत कुणी उरला तर त्याचं नशीब. कंपनी हमी देते ती पाकिटातल्या आकड्याची. पानावर किती जगले याची हमी कुणी देत नाही. तसं कुणी विचारतही नाही.

सूर्य बीजाणूला नेमकं करतो काय? नुसतं तापवणं हा भाग आहेच. बिव्हेरियाला 25 ते 28 अंशांची हवा मानवते, आणि बारामतीचा मे महिना त्या हवेशी कसलंही नातं सांगत नाही. पण खरा घाव अतिनील किरणांचा. त्यातले 280 ते 315 नॅनोमीटरच्या पट्ट्यातले किरण बीजाणूच्या डीएनएमधल्या शेजारशेजारच्या थायमिनच्या जोड्या एकमेकींना चिकटवून टाकतात. मग त्या डीएनएची नक्कल निघत नाही आणि बीजाणू रुजत नाही. थोडा मार बसला तर उशिरा रुजतो, जास्त बसला तर रुजतच नाही. गंमत अशी की दुरुस्तीची सोयही सूर्यानंच केली आहे. फोटोलायेज नावाचं विकर उन्हातला निळा प्रकाश घेऊन त्या चिकटलेल्या जोड्या सोडवतं. सकाळी घर पाडायचं आणि दुपारी घरकुल मंजूर करायचं, असा हा कारभार. पाडण्याचा वेग मात्र मंजुरीपेक्षा बराच जास्त.

बिव्हेरियाचा बीजाणू बिनरंगी, म्हणून जास्त नाजूक. मेटारायझियमचा हिरवा, म्हणून जरा बरा. पण जराच. नुसत्या पाण्यात कालवून उघड्या पानावर मारला तर भर उन्हात तो काही तासांचा सोबती. आणि किडीच्या कातडीतून आत शिरायला त्याला साधारण एक दिवस लागतो, कधी दोन. आत शिरायला एक दिवस, मरायला काही तास. उसाच्या काट्यावर किलो-किलोचा हिशेब मागणाऱ्या सभासदाला हे गणित समजावून सांगायची गरज पडू नये.

तरी फवारणी सकाळी अकराला होते. का होते? कारण मजूर त्या वेळेला असतो. टाकी भरायला मोटर लागते, मोटरीला थ्री फेज लागते, आणि थ्री फेज एक आठवडा दिवसा तर एक आठवडा रात्री. संध्याकाळी सहाला बाया-माणसं घरी निघालेली असतात. त्यांना थांबवायचं तर वेगळा रोज द्यावा लागतो, आणि वेगळा रोज म्हटलं की मालकाच्या तोंडाची चव जाते. वर बिबट्याच्या बातम्या. उसाच्या फडाकडेला अंधारात पंप पाठीवर घेऊन उभा राहा म्हटलं तर माणूस पंप खाली ठेवून निघून जाईल, आणि त्याचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. ड्रोनवाले तर भर दुपारी येतात, कारण त्यांना पुढच्या गावात जायचं असतं. थोडक्यात, शेतातल्या प्रत्येकाच्या सोयीची वेळ ठरलेली आहे. जिच्यासाठी पैसे मोजले त्या बुरशीला तेवढं कुणी विचारलेलं नाही.

"सायंकाळी चारनंतर फवारावे" अशी शिफारस असते. असते म्हणजे छापलेली असते. पाकिटाच्या मागच्या बाजूला, बारकोडच्या शेजारी, मुंगीला चष्मा लागेल अशा अक्षरात. आणि मे महिन्यात बारामतीत चार वाजता ज्यानं उघड्या रानात उभं राहून बघितलंय त्याला ही शिफारस कुठल्या गारेगार खोलीत लिहिली असेल याचा अंदाज येतो. घड्याळापेक्षा आपली सावली बरी. सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल तेव्हा अतिनील किरण जोरात असतात. ती आपल्यापेक्षा चांगली लांब पडायला लागली की पंप उचलावा. त्याला बॅटरी लागत नाही, रेंज लागत नाही.

आता दुकान. एका कृषी सेवा केंद्रात (नाव नको, अशी पुष्कळ आहेत) जैविकची पाकिटं दर्शनी काचेच्या कपाटात मांडलेली. दुकानाचं तोंड पश्चिमेला. तीनपासून पुढं सगळं ऊन त्या कपाटावर. आत मालक पंख्याखाली, कीडनाशकांचे डबे मागच्या अंधाऱ्या फळीवर, थंड. मी म्हटलं, "अण्णा, जिवंत माल उन्हात आणि विष सावलीत, असं का?"

अण्णा म्हणाले, "जैविक पुढं ठेवलं की दुकान चांगलं दिसतं. सरकारी माणूस आला की बरं पडतं."

"आणि खपतं का?"

"खपतं की. एकदा नेलं की परत मागत नाहीत लोकं."

हे ते तक्रार म्हणून सांगत नव्हते. चहा मागवला त्यांनी. पाकिटं तिथंच राहिली.

द्राक्षवाल्यांची तऱ्हा आणखी वेगळी. 2010 मध्ये युरोपात आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाटचा अंश मर्यादेपेक्षा जास्त निघाला, निर्यातदारांची झोप उडाली, तेव्हापासून 'रेसिड्यू' हा शब्द बागाईतदाराच्या घरात लहान पोरांनाही पाठ आहे. म्हणून काढणी जवळ आली की सगळे बुरशीकडे वळतात. चांगली गोष्ट. पण वळताना जुनी खोड सुटत नाही: 'कॉकटेल'. एकाच टाकीत बिव्हेरिया आणि त्याच टाकीत डाऊनी रोगासाठीचं बुरशीनाशक. बुरशी आणि बुरशी मारायचं औषध एका टाकीत ढवळून वरून म्हणायचं, खर्च वाचला. इथं सूर्यावर आरोप ठेवायलासुद्धा जागा नाही. तो उगवायच्या आत काम झालेलं असतं.

माळेगावच्या परिसरात शेतीशास्त्राची वानवा आहे असं कुणी म्हणू नये. शारदानगरला कृषी विज्ञान केंद्र आहे. माळेगाव खुर्दला राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्था आहे, 2009 पासून. अजैविक ताण म्हणजे उष्णता, पाण्याची ओढ, क्षार, म्हणजे थोडक्यात आपलं नेहमीचं हवामान. देशानं उन्हाचा अभ्यास करायला जागा शोधली आणि ती आपल्या शिवारात सापडली, हा गौरव समजावा की निदान, हे ज्यानं त्यानं ठरवावं. तिथं पिकांवरच्या आणि जनावरांवरच्या ताणाचा अभ्यास होतो. बुरशी ना पीक ना जनावर. पण पिकाचं रक्षण करायला आपणच तिला उन्हात उभी केली आहे, तर तिच्या ताणाची नोंद त्याच वहीत करायला काय हरकत आहे?

शिवाय शारदानगरला कृत्रिम बुद्धिमत्तेवरचा ऊस आहे. उपग्रहाची चित्रं, मातीतले सेन्सर, हवामान केंद्र. 2025 मध्ये मायक्रोसॉफ्टच्या सत्य नाडेलांनी त्याचं कौतुक केलं आणि इलॉन मस्क यांनी त्याला दुजोरा दिला. उसाला इतकं मोठं गिऱ्हाईक या आधी मिळालं नव्हतं. एवढी बुद्धिमत्ता फडात उभी असताना "आज ऊन कडक आहे, जैविक फवारणी सहानंतर करा" असा निरोप शेतकऱ्याच्या मोबाईलवर जायला फार अक्कल लागणार नाही. ज्याला असा निरोप येतो तो भाग्यवान. बाकीच्यांना 'शुभ सकाळ' येतं, वर फुलाचा फोटो.

आणि बुरशीची ही उपेक्षा नवीही नाही. ओदेसात इल्या मेचनिकॉफ यांनी 1879 मध्ये गव्हाच्या भुंगेऱ्यावर याच हिरव्या मेटारायझियमचा प्रयोग केला. पुढं त्यांना नोबेल मिळालं, पण ते रोगप्रतिकारशक्तीच्या कामाला. बुरशीला तेव्हाही श्रेय मिळालं नाही. 1884 मध्ये युक्रेनमधल्या स्मेला इथं क्रासिलश्चिक यांनी ती मोठ्या प्रमाणावर तयार करायला घेतली, ती शर्कराकंदावरच्या सोंड्यासाठी. म्हणजे बुरशीचा जगातला पहिला कारखाना निघाला तोच साखरेच्या पिकापायी. माळेगावकरांना याचा अभिमान वाटायला हरकत नाही, नातं लांबचं असलं तरी.

उन्हाचा प्रश्न जगानं खऱ्या अर्थानं हाती घेतला तो टोळधाडीमुळं. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी आफ्रिकेत टोळांनी थैमान घातलं. 1989 मध्ये लुबिलोसा नावाचा आंतरराष्ट्रीय प्रकल्प सुरू झाला. प्रश्न असा होता की वाळवंटात, जिथं सावलीसाठी झुडूप नाही आणि हवेत ओल नाही, तिथं बुरशी टिकवायची कशी. त्यांनी पाणीच काढून टाकलं. मेटारायझियमचे बीजाणू तेलात कालवले. तेल कीटकाच्या मेणचट कातडीवर पसरतं, सांध्यांत शिरतं, बीजाणूला ओलाव्याविना रुजायला मदत करतं आणि उन्हापासूनही थोडा आडोसा देतं. त्याच सुमारास तेलात ऑक्सिबेन्झोन घालूनही प्रयोग झाले. ऑक्सिबेन्झोन म्हणजे पुण्याच्या मुली स्कूटरवर बसायच्या आधी तोंडाला लावतात त्या क्रीममधला पदार्थ. या प्रकल्पातून 'ग्रीन मसल' नावाचं औषध बाजारात आलं. 2020 च्या मे महिन्यात टोळ आपल्या विदर्भात उतरले, तेव्हा आपल्याकडं थाळ्या वाजवल्या आणि अग्निशमनच्या बंबांतून कीडनाशक मारलं. थाळ्यांचा तेव्हा सरावही ताजा होता.

इस्रायलच्या व्होल्कानी संस्थेतल्या लोकांनी आणखी पुढची युक्ती केली: बीजाणू तेलाच्या थेंबात, आणि थेंबाभोवती टायटॅनियम डायऑक्साइडच्या सूक्ष्म कणांचं कवच. हा कण रंगाच्या डब्यात असतो आणि सनस्क्रीनमध्येही. आपल्याकडं नट्यांना जेवढं उन्हापासून जपतात तेवढं तिथं बुरशीला जपतात.

तुम्ही म्हणाल, हे इस्रायलचं झालं, आमच्याकडं कुठं टायटॅनियम. मान्य. मग घरचं बघू.

उन्हापासून सूक्ष्मजीव वाचवायला जगभरच्या प्रयोगशाळांनी काय काय वापरून पाहिलं त्याची यादी वाचली तर आपण साखर कारखान्याच्या गेटवर उभे आहोत असं वाटतं. मळी. लिग्निन. ह्युमिक ॲसिड. चिकणमाती. दुधाची भुकटी. यातली मळी आपल्याकडं आसवनीला जाते. लिग्निन बगॅसमध्ये भरपूर असतं, तो बगॅस आपण बॉयलरमध्ये घालतो आणि वीज करतो. ह्युमिक ॲसिड अण्णांच्याच दुकानात त्याच काचेच्या कपाटात, बिव्हेरियाच्या शेजारी उभं असतं. छत्री आणि भिजणारा एकाच फळीवर, ओळख करून द्यायला कुणी नाही. अर्थात दिव्याखालच्या काचपात्रात जे साधतं ते सगळं रानात साधत नाही. पाऊस धुवून नेतो, प्रमाण चुकलं तर पंपाचा नोझल चोंदतो. म्हणूनच याच्या चाचण्या इथं, या उन्हात, या उसात व्हायला हव्यात. व्होल्कानीवाले त्यासाठी माळेगावला येणार नाहीत.

आणि असं एक काम आधीच आपल्या नावावर आहे. हरभऱ्याच्या घाटेअळीवर एचएएनपीव्ही नावाचा विषाणू फवारतात, तोही उन्हात मरतो. म्हणून आपल्या कृषी खात्याच्या आणि विद्यापीठांच्या शिफारशीत गेली कित्येक वर्षं एक ओळ आहे: द्रावणात नीळ किंवा राणीपाल मिसळा. होय, धुण्यातलं राणीपाल. ज्यामुळं सदरा पांढराशुभ्र दिसतो तो पदार्थ अतिनील किरण शोषून निळसर उजेड बाहेर टाकतो. तेवढंच काम तो पानावर करतो आणि विषाणूच्या वाट्याचे किरण स्वतः घेतो. पुढाऱ्याचा सदरा आणि हरभऱ्याचं पान या दोघांची काळजी एकाच पुडीनं घेतली. ज्यानं पहिल्यांदा ही शिफारस लिहिली त्याचं नाव मला ठाऊक नाही, पण त्याचा सत्कार व्हायला हवा होता. विषाणूला राणीपाल मिळालं. बुरशीच्या पाकिटावर मला अशी ओळ अजून दिसलेली नाही. कशात किती घालायचं, घातल्यावर बुरशीच तर मरत नाही ना, हे तपासून कुणी तरी सांगायला हवं. काम फार मोठं नाही, म्हणूनच बहुतेक राहून गेलं.

ब्राझीलच्या द्राउझिओ रांजेल यांचं संशोधन मला विशेष आवडतं, आणि ते आपल्या भागात जाहीर वाचून दाखवायला हवं. त्यांनी पाहिलं की मेटारायझियम अंधारात, भरपूर खाऊ घालून वाढवलं तर बीजाणू खंडीनं मिळतात पण उन्हाला टिकत नाहीत. तेच उजेडात वाढवलं, किंवा उपाशी ठेवून वाढवलं, तर बीजाणू उन्हात जास्त तग धरतात; उपाशी ठेवल्यावर ते कमी येतात, एवढंच. बंगल्यात वाढलेला वारस आणि बांधावर वाढलेला कार्यकर्ता. कंपन्यांना अर्थातच खंडीनं उत्पादन हवं असतं, कारण पाकिटावर संख्या छापायची असते, चारित्र्य नाही. पक्षांचंही तसंच आहे, पण तो विषय या सदरात एका वेळी एकच ओळ.

एवढं सगळं झाल्यावर कुणी म्हणेल, मग ही बुरशी कामाचीच नाही. उलट. ब्राझीलमध्ये उसावरच्या फेसकिडीसाठी लाखो हेक्टरवर मेटारायझियम वापरतात, आणि ऊस तोच, साखर तीच. हुमणीच्या बाबतीत तर आपलं नशीब त्यांच्याहून बरं: हुमणी जमिनीत असते आणि जमिनीत ऊन पोचत नाही. शेणखतात मिसळून सरीत टाकलेलं, मातीआड केलेलं मेटारायझियम बऱ्यापैकी निवांत असतं. वर पाचटाचं आच्छादन असेल तर ओलही टिकते आणि ऊनही अडतं. पण पाचट आपण पेटवतो. ऊस गेला की काडी. फुकटातलं छप्पर जाळून मग बुरशीला उघड्यावर बोलावतो आणि तिची पोती बांधावर उतरवून जेवायला घरी जातो. ती पोती दुपारभर तिथं काय करत असतील हे वर सांगितलंच आहे.

वेळही चुकते ती वेगळीच. वळवाचे पाऊस झाले की मे-जूनमध्ये हुमणीचे भुंगेरे संध्याकाळी बाहेर पडतात, कडुनिंबावर आणि बाभळीवर जमतात. जून-जुलैत अळ्या बारीक असतात, बुरशीला तेव्हा पटकन बळी पडतात. आपण जागे होतो सप्टेंबरात, बेट पिवळं पडून हातात उपटून आल्यावर. तोवर अळी अंगठ्याएवढी जाड झालेली असते आणि तिला बुरशीची फारशी पर्वा उरलेली नसते. मग पुन्हा तोच निकाल, तोच पार.

आणि संध्याकाळी रानात कोण थांबतो, असं म्हणणाऱ्यांना एक आठवण. याच लोकांनी जूनच्या संध्याकाळी दिवे घेऊन बाभळी झोडपल्या आहेत आणि भुंगेरे पोत्यात भरून रॉकेलच्या पाण्यात बुडवले आहेत. 2002 मध्ये उसावर लोकरी मावा आला तेव्हा डिफा आणि मायक्रोमस या मित्रकीटकांच्या अळ्या असलेली पानं याच लोकांनी एका फडातून कापून दुसऱ्या फडात नेऊन बांधली, जपून, सावलीतून. तेव्हा मित्रकीटक डोळ्यांना दिसत होता, म्हणून त्याची काळजी घेतली. बीजाणू दिसत नाही, म्हणून त्याला उन्हात टाकलं.

माझं मागणं लहान आहे. कारखान्यांनी सभासदांना जैविक औषध देताना पाकिटाबरोबर संध्याकाळच्या फवारणीच्या मजुरीतला थोडा वाटा उचलावा; पाकीट स्वस्तात देऊन ते दुपारी मारायला लावण्यापेक्षा ते स्वस्त पडेल. कृषी विज्ञान केंद्रानं आणि खुर्दच्या संस्थेनं मळी, ह्युमिक आणि राणीपाल घेऊन एका हंगामाची चाचणी लावावी आणि निकाल मराठीत, मोठ्या अक्षरात छापावा. अण्णांनी कपाट फिरवावं. आणि वाचकहो, तुमच्याकडं अर्धा एकर भाजी किंवा डाळिंब असेल तर या वेळी एकाच पाकिटाचे दोन भाग करा. चार ओळींवर सकाळी अकराला मारा, चार ओळींवर सूर्य बुडताना, पानांच्या खालून. कीटकनाशक किंवा बुरशीनाशक त्या पंपात घालू नका. आठव्या दिवशी दोन्हीकडची मेलेली कीड मोजा आणि आकडे कारखान्याच्या शेतकी कार्यालयात लेखी द्या, पोच घ्यायला विसरू नका.